कायद्याचे ग्रंथालय रोह्यापर्यंत कधी?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. जुने खटले मात्र जुन्याच कलमांखाली चालणार, म्हणजे विद्यार्थ्याला दोन्ही संच हवेत. सीनियरकडून मिळालेल्या जुन्या पुस्तकांवर एलएलबी करणाऱ्या आपल्या मुलांनी काय करायचे?

पेण-रोह्याहून पनवेल, अलिबाग किंवा मुंबईला जाणाऱ्या मुलांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे विधी महाविद्यालयाचे ग्रंथालय रात्री १० पर्यंत उघडे ठेवता येते. पण पनवेलला शिकणारी रोह्याची मुलगी पुस्तक बघेल की परतीची गाडी?

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर २०२३ पासून मोफत आहेत, काहींचे मराठी अनुवादही. टीकाग्रंथ मात्र महाग. सशुल्क डेटाबेस महाविद्यालयाने घरून लॉगिन दिले तरच आवाराबाहेर उघडतात. रायगड मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत आहे. विद्यापीठाने प्रत्येक विधी विद्यार्थ्याला असे लॉगिन द्यावे, ही आमची पहिली मागणी.

चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ चा. दहा वर्षांची ती कोर्टाची लढाई याच जिल्ह्यातली. तरी आपल्या जयंतीच्या हिशोबात डीजेला रक्कम असते, पुस्तकांना नसते. यंदा वर्गणीतून नव्या-जुन्या संहितांचा एकेक संच आणि एक संगणक विहारात ठेवता येईल. फक्त संध्याकाळी विहाराची किल्ली कोणाकडे राहणार, ते आधी ठरवावे लागेल.