शिक्का आणि सचोटी

पेढीवरील वजनमापांची ठरावीक मुदतीने सरकारी पडताळणी होते व त्यांवर शिक्का उमटतो. सचोटीच्या व्यापाऱ्याला त्या शिक्क्याचे भय नसते. परंतु शिक्का उमटला म्हणजे माल चोख झाला, असेही तो मानीत नाही. शिक्षकाच्या पात्रतेचा विचारही असाच व्हावयास हवा.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या शिक्षकांस शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, अनिवार्य ठरविली. सेवेची पाचांहून अधिक वर्षे उरलेल्या जुन्या शिक्षकांना ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावयाची आहे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपविला गेला असून तोवर त्यांना ही अट लागू नाही. २०१४ पासून जैन समाज राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक गणला जातो. त्यामुळे या सवलतीचे काय करावयाचे, हा प्रश्न समाजाच्या शाळा चालविणाऱ्या विश्वस्तांच्या दारी आला आहे.

परीक्षेविषयीची नाराजी निराधार नाही. वीस वर्षे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या शिक्षकाला पुन्हा उमेदवार होणे जड जाते. शिवाय २०१९-२० च्या टीईटीतील गैरप्रकारांमुळे राज्यात सात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. शिक्काही खोटा निघू शकतो, हे तेव्हा दिसले.

तरीही सवलत म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकच्या जैन घराण्यातील कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. खेड्यांत शाळा काढावयाच्या, तर शिक्षक कोठून आणावयाचे? सरकार ते पुरवील म्हणून कर्मवीर थांबले नाहीत. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. सरकारी मान्यता व अनुदान त्यांनी वर्ज्य मानले नाही; पण खेड्यात जाऊन राहणारा, श्रमाची लाज न बाळगणारा शिक्षक घडविणे हे संस्थेचेच काम मानले.

किमान पात्रता तपासणे हे शासनाचे कर्तव्य. शिक्षक घडविणे हे समाजाचे. विश्वस्तांनी आपल्या शिक्षकांना परीक्षेच्या तयारीसाठी रजा, ग्रंथ व मार्गदर्शन द्यावे, पूर्ण वेतन वेळेवर द्यावे आणि नेमणुकीत नातेगोते पाहू नये. सम्यक् ज्ञानाच्या जोडीने सम्यक् चारित्र्य मागणाऱ्या समाजाने आपल्या शाळांतील माप इतरांहून हलके ठेवणे शोभणारे नाही.