ब्लीचिंगनंतर सिमेंटची घाई नको

लग्नसराई जवळ आली की दात पांढरे करून घेण्याची धांदल सुरू होते. आज ब्लीचिंग आणि दोन दिवसांनी पुढच्या किडक्या दातात दाताच्या रंगाचे सिमेंट, असा बेत पुष्कळ जण आखतात. पुढे सिमेंट निघाले की दोष दंतवैद्याच्या माथी! वास्तविक पुष्कळदा दोष घाईचा असतो.

ब्लीचिंगसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. त्यातून सुटणारा ऑक्सिजन डागांचे रंगकण फोडतो व दात उजळतो. मात्र काही ऑक्सिजन दाताच्या आवरणात आणि त्याखालच्या थरात बरेच दिवस रेंगाळतो. दाताच्या रंगाचे सिमेंट म्हणजे कॉम्पोझिट रेझिन. ते निळ्या प्रकाशाने घट्ट होते. हा उरलेला ऑक्सिजन त्या क्रियेत खोडा घालतो. सिमेंट वरून कडक दिसते, पण त्याची दाताशी पकड कच्ची राहते.

यावर साधा उपाय म्हणजे सुमारे दोन आठवडे थांबणे. तेवढ्यात दाताचा नवा रंगही स्थिरावतो. सिमेंटचा रंग ब्लीचिंगने उजळत नाही, म्हणून आधी ब्लीचिंग, मग विश्रांती आणि शेवटी जुळत्या रंगाचे सिमेंट, हाच क्रम योग्य. मात्र किडीचे भोक उघडे ठेवून ब्लीचिंग करू नये. औषध आत झिरपून ठणका लागू शकतो. ते आधी तात्पुरत्या सिमेंटने बुजवून घ्यावे.

थांबण्याचा काळ वाचवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. क जीवनसत्त्वाचा क्षार असलेले सोडियम ॲस्कॉर्बेट लावल्यास ब्लीच केलेल्या दातावरची पकड सुधारते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पुढे द्राक्षाच्या बियांचा अर्क, ग्रीन टी, डाळिंबाची साल अशा वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंटवरही प्रयोग झाले. द्राक्षबियांच्या अर्काचे निष्कर्ष विशेष आशादायक आहेत.

परंतु हे प्रयोग बहुतांशी काढलेल्या दातांवर, प्रयोगशाळेत झालेले आहेत. तोंडातली लाळ, चावण्याचा जोर आणि वर्षानुवर्षांचा वापर यांची परीक्षा तिथे होत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, थांबणे शक्य असेल तर थांबावेच. अगदीच निकड असेल तर अर्क लावायचा की नाही, हे दंतवैद्याने ठरवावे.

‘वनस्पतिजन्य’ म्हटले की घरगुती प्रयोगांना ऊत येतो. द्राक्षाच्या बिया चावून किंवा ग्रीन टीच्या गुळण्या करून सिमेंट पक्के होत नाही. दातांवर लिंबू चोळल्याने तर आवरणच झिजते, आणि ते पुन्हा उगवत नाही.

तेव्हा वाचकहो, लग्नाची तारीख ठरली की दंतवैद्याकडे महिनाभर आधी जा, आणि पूर्वी ब्लीचिंग केले असेल तर किती दिवसांपूर्वी, हे न विसरता सांगा.