रेशनकार्डात नाव चढवायला

मागच्या महिन्यात आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेसमोर माझी मुलगी आणि जावई उभे. दोघं हसतायत. फोटो काढणारे आमचे एक मामू, ते नातवाला घेऊन गेले होते. खाली त्यांनी एवढंच लिहिलं: 'आज मंगळवार आहे ना?'

मग सुरू झालं. मंगळवार म्हणजे दोघांचं ऑफिस. घराचा हप्ता चालू. दीड वर्षाचं मूल पाळणाघरात. मूल पाळणाघरात आणि आईबाप पेंग्विन बघतायत, या एका वाक्यावर दोन दिवस ग्रुप चालला. शेवटी मला फोन आला, तू आई आहेस, जरा समजाव त्यांना. समजावण्याऐवजी मी हे लिहायला बसले.

राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' हा 1970 चा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. अरुण सरनाईक नायक. दोनच वर्षांनी बासू चटर्जींनी त्याच कथेवर हिंदीत 'पिया का घर' काढला, जया भादुरी आणि अनिल धवन यांना घेऊन. गोष्ट एका ओळीची आहे: नवं लग्न झालेलं जोडपं, मुंबईच्या चाळीतलं भरलेलं घर आणि दोघांना बोलायला जागा नाही. रात्री स्वयंपाकघर हीच त्यांची खोली. कुणाला पाणी प्यायचं असतं, कुणी सहज डोकावतं. आपण हसतो, कारण हे सगळं आपल्या घरात झालेलं असतं.

पण मला त्या गोष्टीचा शेवट कधीच पटला नाही. नायिकेला कळतं की जागा कमी असली तरी माणसं मायेची आहेत, आणि ती राहते. डोळे पुसत आपण उठतो. अहो, पण तक्रार मायेची नव्हतीच, कडीची होती! दाराला आतून लावायच्या कडीची. सासर प्रेमळ निघालं म्हणून कडीची गरज संपते का? उलट प्रेमळ सासरात कडी मागणं जास्त अवघड, हे मी अनुभवाने सांगते.

1994 साली मी चिपळूणहून परळच्या चाळीत आले. दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा. सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद आणि आम्ही दोघं. पोटमाळ्यावर आमची गादी, पण लाकडी फळ्यांवर कूस बदलली तरी खाली अब्बा खाकरायचे. भांडायचं असलं तरी कुजबुजत भांडायचं. कुजबुजत भांडताना मध्येच हसू येतं आणि भांडण वाया जातं.

त्याच सुमाराला रेशनकार्डाचं काम निघालं. लग्नानंतर सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करायचं आणि सासरच्या कार्डात चढवायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, एका फेरीत ते होत नाही. यांच्या कंपनीला शनिवारी अर्धा दिवस. दोन वाजता मी कागदांची पिशवी घेऊन नाक्यावर उभी राहायची आणि आम्ही रेशन ऑफिसला जायचो. काम दुसऱ्याच फेरीत झालं. नाव चढलं, शिक्का बसला. बाहेर आलो तर तीन वाजले होते, आणि घरी सहापर्यंत कुणी वाट पाहणार नव्हतं.

त्या दिवशी आम्ही घरी काही सांगितलं नाही. म्हणालो, साहेब नव्हता, पुन्हा बोलावलंय.

तो साहेब पुढचे आठ महिने जागेवर सापडला नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद असत, त्यामुळे महिन्यातून दोनच शनिवार आमचे. खोटं बोलतानाही नियम पाळत होतो. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट पकडायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, उतरून तशीच बस परत पकडायची. लालबागच्या भारतमातात मराठी सिनेमा पाहायचा. चिवडा गल्लीतून पावशेर चिवडा घेऊन गिरगाव चौपाटीवर बसायचं. फार बोलायचोही नाही. हे समुद्राकडे बघायचे, मी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खायची. 'उठायचं का?' असं दोघांपैकी कुणालाच विचारायचं नसायचं. घरी जाताना मात्र पिशवीतले कागद थोडे चुरगाळून ठेवायचे, रांगेत उभं राहिल्यासारखे.

जबाबदाऱ्या तेव्हाही होत्या. धाकट्या दिराची फी होती, नणंदेच्या निकाहसाठी पैसे बाजूला टाकायचे होते, नळाला पाणी पहाटे यायचं. यातली एकही गोष्ट आमच्या चौपाटीमुळे अडली नाही. आणि अडली असती तरी मी कदाचित गेले असते, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

आता म्हणतील, तुमच्याकडे जागा नव्हती म्हणून पळालात. या मुलांना काय कमी आहे? खरं आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत. परळ-लालबागमध्ये कुठेही मान वर करा, टॉवर दिसतो. माझ्या मुलीच्या घरातही कडी आहे, चांगली पितळेची. पण त्या कडीच्या आत दोन लॅपटॉप आहेत, रात्री साडेदहाला वाजणारा ऑफिसचा फोन आहे, बँकेचा मेसेज आहे आणि आमचा ग्रुप आहे, ज्यात एका फोटोवर पन्नास माणसं त्यांच्या खोलीत शिरतात. आमच्याकडे रात्री सातच माणसं होती.

आमच्यात वाद घालायचा तर दाखला द्यावा लागतो, म्हणून मीही ग्रुपवर एक दिला. हदीसच्या ग्रंथांत प्रेषितांनी हजरत आयशांबरोबर शर्यत लावल्याचा प्रसंग आहे. आधी आयशा जिंकल्या. पुढे त्यांचं अंग भरलं, तेव्हा पुन्हा शर्यत लागली, त्यात प्रेषित जिंकले आणि म्हणाले, मागची फिटली. एका कथनात तर प्रवासातल्या सोबत्यांना त्यांनी आधी पुढे जायला सांगितलं, असंही येतं. त्यांच्या खांद्यावर किती कामं होती, ते मामूंना मी काय सांगावं! मामूंनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. पटल्याचा की विषय संपवल्याचा, कोण जाणे.

हे सगळं मी सासूबाईंना वाचून दाखवत होते. अम्मी आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. कुराण वाचतात, मराठी अक्षर वाचता येत नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा तो रेशनचा साहेब भेटला का गं शेवटी?"

मी गार.

कार्ड आम्ही लपवलं नव्हतं. अम्मींना वाचता येत नाही, म्हणून त्याची गरजच वाटली नव्हती. पण दर महिन्याला दुकानात कार्ड घेऊन त्याच जात. आणि नाव चढल्याच्या पुढच्याच महिन्यापासून दुकानदार एका माणसाची साखर जास्त देत होता.

"आठ महिने गप्प राहिलात?" मी विचारलं.

"साखर मिळत होती," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "माझं नाव तर तुझ्या सासऱ्यांनीच एकट्याने जाऊन चढवलं होतं. एका फेरीत."

अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी अम्मींना विचारलं, कुठे जायचं होतं तुम्हाला? म्हणाल्या, डबलडेकरमध्ये वर बसायचं होतं, पण मुलं लहान, मग सांधे. जुन्या लाल डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 ला बंद झाल्या, आता एसीवाल्या विजेच्या आहेत. परवा सीएसएमटीहून आम्ही दोघी तिच्यात चढलो. जिना काही अम्मींना जमला नाही. खालीच खिडकीशी बसलो, आणि घरी विचारलं तेव्हा अम्मींनी सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, पुन्हा बोलावलंय.