कापूस, कुंकू आणि बारूद



या अंकाचं संपादकीय मी आधी वेगळं लिहिलं होतं. साम्राज्यवाद, शस्त्रांचा व्यापार, जगावरचं युद्धाचं सावट, असं सगळं त्यात होतं. बेसा इथल्या आपल्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. वीसेक बाया होत्या. त्यात एक पाहुणी होती, आपल्या एका कार्यकर्तीची मावसबहीण. ती बारूदच्या कंपनीत पॅकिंगला जाते. शेवटपर्यंत तिने शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाली, "ताई, तुमचं समदं बरोबर हाय. लढाई वाईटच. पण कंपनी बंद पडली त माह्या पोरीची फी कोन भरन? वावरात बाराही महिने काम भेटते का?"

कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. घरी येऊन ती पानं बाजूला ठेवली. हे संपादकीय म्हणजे तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. पुरतं जमलं असेल असा दावा नाही.

आधी आपल्या अंगणातलं पाहू. 17 डिसेंबर 2023 ला नागपूरजवळ बाजारगावच्या सोलर कंपनीत पॅकिंग चालू असताना स्फोट झाला. नऊ माणसं गेली, त्यांतल्या सहा बाया. 13 जून 2024 ला धामण्याच्या चामुंडी कंपनीत स्फोट झाला. तिथेही मेलेल्यांत बहुतेक बायाच होत्या. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ कामगार गेले. त्याआधी 20 नोव्हेंबर 2018 ला पुलगावला जुना दारूगोळा नष्ट करताना सहा जण गेले, त्यांत रोजंदारीवर आलेले मजूर होते. म्हणजे बारूद बनवतानाही मरण आहे आणि जुनं झालेलं बारूद नष्ट करतानाही. देशभरातल्या स्फोटकांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारी जी सरकारी संघटना आहे, पेसो, तिचं मुख्यालय याच नागपुरात आहे.

प्रत्येक वेळी तेच घडतं. फाटकाबाहेर आक्रोश, मंत्र्यांची भेट, मदतीचा आकडा, चौकशीची घोषणा. मग आठवड्याभरात कंपनीची बस पुन्हा गावात येऊन उभी राहते आणि बाया डबा घेऊन चढतात. पॅकिंगला बायाच का, असं मी त्या पाहुणीला विचारलं. ती म्हणाली, ठेकेदार म्हणतो बायांचा हात हलका असतो, त्या विडी ओढत नाहीत आणि उलटून बोलत नाहीत. स्त्रीच्या 'अंगभूत गुणां'ची ही यादी आपण विडी कारखान्यांपासून ऐकत आलो आहोत. कमी मजुरीत जिवावरचं काम करून घ्यायचं असलं की ती बाहेर काढतात.

पण या बाया बारूदपर्यंत आल्या कशा? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, मँचेस्टरचे माग थांबले आणि साहेबाची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. भाव चढले, ज्वारीच्या वावरात कपाशी आली, 1867 मध्ये नागपूरपर्यंत आगगाडीही आली. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव पडले. दूरच्या युद्धाने आपल्याकडे पीक बदललं आणि त्या युद्धाच्या शेवटाने आपलं घर बुडवलं, असा तो पहिला धडा.

पुढे 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं. दक्षिणेत तेव्हा भीषण दुष्काळ होता, माणसं रस्त्यावर मरत होती. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली, म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. कित्येक पिढ्या या गिरणीच्या भोंग्यावर नागपूर उठलं. साम्राज्य गेलं, गिरणीही बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. नाव मात्र टिकलं, एम्प्रेस सिटी. जिथे आपल्या आज्या-पणज्यांनी काम केलं, तिथे त्यांच्या नाती दिवसभर उभं राहून कपडे विकतात, बसायला स्टूल मिळत नाही. ज्यांना शहरातली तेवढीही नोकरी मिळत नाही, त्या खेड्यातून बारूदच्या बसमध्ये चढतात. गिरणी गेल्यावर आपल्या मुलींसमोर जे पर्याय उरले, त्यांत हे दोन ठळक आहेत: वस्तू विकायच्या, नाहीतर स्फोटकं भरायची. चंगळवाद आणि युद्ध हे दोन वेगळे विषय आहेत असं आपण मानतो. नागपुरात ते एकाच घरातल्या दोन बहिणींच्या नोकऱ्या आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नागपूर भागात बनणारं सगळं बारूद युद्धासाठी नसतं. कोळशाच्या खाणी, रस्ते, बोगदे यांसाठीच इथल्या कंपन्या उभ्या राहिल्या. पण वारं फिरलं आहे. खाणींसाठी स्फोटकं बनवणाऱ्या सोलर समूहाने लष्करासाठी हातबॉम्ब आणि 'नागास्त्र' नावाचं, लक्ष्यावर जाऊन फुटणारं ड्रोन बनवलं. 480 नगांच्या मागणीपैकी पहिली 120 ड्रोन लष्कराला दिल्याची बातमी जून 2024 मध्ये आली. धामण्याचा स्फोट त्याच आठवड्यातला. एक बातमी अभिमानाची म्हणून छापली गेली, दुसरी अपघाताची. दोन्ही एकाच वाढत्या धंद्याच्या आहेत असं कोणी म्हटलं नाही.

सरकारी कारखान्यांचंही रूप बदललं. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ मोडून 41 कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या गेल्या. कामगारांनी संप करू नये म्हणून त्याच वर्षी संपबंदीचा कायदा आणला, तो वर्षभराच्या मुदतीचा होता. कंपनी म्हटलं की गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाईक देशातलंच असेल असं नाही. 2013-14 मध्ये भारताची संरक्षण निर्यात 686 कोटी रुपयांची होती, 2024-25 मध्ये ती 23,622 कोटींवर गेली. गाझात मुलंबाळं मरत असताना इस्रायलला शस्त्रं पाठवण्याचे परवाने रद्द करा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. हा परराष्ट्र धोरणाचा विषय आहे, असं म्हणून न्यायालयाने 9 सप्टेंबर 2024 ला ती फेटाळली. आपल्या बाया जे भरतात ते कुठे फुटतं हे त्यांना विचारता येत नाही, आणि आपल्यालाही नाही.

रोझा लक्झेंबर्गने 1913 मध्येच लिहून ठेवलं होतं की भांडवलाला शस्त्रास्त्रं हा एक खात्रीचा बाजार वाटतो. इथे गिऱ्हाईक सरकार असतं आणि पैसा कष्टकऱ्यांच्या करातून येतो. उतरणीला लागलेल्या साम्राज्याला तर हा बाजार अधिकच लागतो. ज्याचा माल जगात पूर्वीसारखा खपत नाही, त्याची भिस्त जकातीवर आणि तोफांवर येते. 2024 साली जगाचा लष्करी खर्च 2,718 अब्ज डॉलर झाला, त्यातले 997 अब्ज एकट्या अमेरिकेचे. ऑगस्ट 2025 मध्ये याच अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के जकात लावली आणि सप्टेंबरमध्ये आपल्या संरक्षण खात्याला 'युद्ध खातं' म्हणायला सुरुवात केली. जकातीचा फटका बसणाऱ्या कापड उद्योगाला स्वस्त कापूस मिळावा म्हणून दिल्लीने 19 ऑगस्ट 2025 पासून वर्षअखेरपर्यंत कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं. विदर्भाचा कापूस तेव्हा अजून वेचणीलाही आला नव्हता. 1865 नंतरचाच हिशोब पुन्हा आला: भांडण थोरामोठ्यांचं, भाव पडला तो आपल्या वावरात. आणि वावर पिकेनासं झालं की घरची बाई बारूदच्या बसची वाट पाहते.

आपलं सरकारही त्याच वाटेने चाललं आहे. 2025-26 च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला 6,81,210 कोटी रुपये होते. महिला व बालविकास मंत्रालयाला सुमारे 26,890 कोटी. पंचवीसपट अंतर. 4 डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका मानधनवाढीसाठी संपावर होत्या. बाजारगावचा स्फोट त्या संपाच्या काळातच झाला. पोरांना खाऊ घालणाऱ्या बाईचं काम 'मानद' ठरतं आणि तिने पगार मागितला की पैशांची अडचण निघते. बारूदला ती अडचण येत नाही.

आता कुंकवाविषयी. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला अतिरेक्यांनी 26 जणांना मारलं, त्यांत महाराष्ट्रातले सहा. ते क्रौर्य होतं, त्याचा निषेध करताना आपली जीभ अडखळण्याचं कारण नाही. पण 7 मेच्या लष्करी कारवाईला नाव दिलं गेलं 'सिंदूर'. बाईचं कुंकू पुसलं म्हणून सूड. बाईचं दुःख म्हणजे तिच्या नवऱ्याचं नसणं, आणि ते निवारायला तोफा. आपण गेली पन्नास वर्षं जे सांगत आलो त्यावर एका शब्दाने बोळा फिरवला. बाजारही मागे राहिला नाही. कारवाईच्या पहिल्याच दिवशी रिलायन्सकडून त्या नावाच्या व्यापारचिन्हासाठी अर्ज झाला, टीका झाल्यावर दुसऱ्या दिवशी मागे घेतला गेला. इथे बेसा रोडवर एका दुकानाने सेलच्या फलकावर लढाऊ विमान छापलं होतं. आणि पहलगाममध्ये नवरा गमावलेल्या एका तरुण स्त्रीने, मुसलमान आणि काश्मिरी लोकांवर राग काढू नका, आम्हाला शांतता हवी, न्याय हवा, असं म्हटलं तेव्हा तिच्यावर चिखलफेक झाली. तिच्या कुंकवाच्या नावाने लढायचं होतं, पण तिचं म्हणणं ऐकायचं नव्हतं.

म्हणून त्या पाहुणीचा प्रश्न मला टाळता येत नाही. तो नवाही नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या हजारो बाया दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या. रसायनांनी त्यांची कातडी पिवळी पडे, लोक त्यांना कॅनरी पक्षी म्हणत. 5 डिसेंबर 1916 ला लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात स्फोट होऊन 35 बाया मेल्या. युद्धकाळ म्हणून त्याची बातमी दाबली गेली. मताधिकाराच्या चळवळीत तेव्हा उभी फूट पडली होती. एमेलिन पँकहर्स्ट युद्धाच्या बाजूने गेल्या आणि बायांना युद्धकामाचा हक्क द्या म्हणून त्यांनी 1915 मध्ये मोर्चा काढला. त्यांचीच मुलगी सिल्व्हिया युद्धाविरुद्ध ठाम राहिली. पण तिने कारखान्यात जाणाऱ्या बायांना दूषण दिलं नाही. लंडनच्या गरीब वस्तीत राहून ती त्यांच्या समान मजुरीसाठी भांडली आणि स्वस्त खानावळी चालवल्या. युद्ध नको आणि तोवर तुझा जीव व मजुरी सुरक्षित हवी, या दोन मागण्या तिने एकाच तोंडाने केल्या.

मला वाटतं, आपली वाटही तीच. कारखाना बंद करा एवढंच म्हटलं तर आपण त्या पाहुणीच्या पोटावर पाय देतो. आणि सुरक्षिततेच्या साधनांपुरतंच बोललो तर दुसऱ्या देशातल्या तिच्यासारख्याच बाईच्या घरावर पडणारा बॉम्ब जास्त नीट भरला जाईल, एवढंच होईल. दोन्ही बोलावं लागेल.

म्हणून या अंकापासून काही कामं हाती घेऊ या. नागपूर, भंडारा, वर्धा, चंद्रपूर या जिल्ह्यांत स्फोटकांच्या कामावर जाणाऱ्या बायांची नोंद गावागावांतल्या गटांनी करावी: ठेका कोणाचा, रोज किती, ओळखपत्र आहे का, कामाचं शिक्षण दिलं का. प्रत्येक स्फोटाचा चौकशी अहवाल मराठीत गावात वाचला जावा, ही मागणी करू. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी बायांना सगळ्या कामांची दारं त्यांच्या संमतीने उघडली आहेत, रात्रपाळीचीसुद्धा. समानता आपलीच मागणी होती. पण पर्याय नसलेल्या बाईची संमती ही संमती असते का, हे आपण विचारलं पाहिजे. आणि गावात बारमाही काम, कापसाला भाव, अंगणवाडीला पगार या मागण्या आजपासून आपण युद्धविरोधी मागण्या म्हणूनच मांडू या. ज्या बाईला दुसरं काम आहे, ती बारूदच्या बसला नाही म्हणू शकते.

त्या पाहुणीला मी पुढच्या बैठकीचं बोलावणं धाडलं आहे. ती म्हणाली, रविवारी सुट्टी असली त येईन. ती आली तर हे तिला वाचून दाखवीन. तिला पटलं नाही तर पुढच्या अंकात तिचं म्हणणं छापू. तुमचंही लिहून पाठवा. आपापल्या गावात कोणती बस येते, किती बाया तिच्यात चढतात, एवढं कळवलंत तरी चालेल.