राखीव कुणासाठी?



‘राखीव’ हा शब्द आपल्याला नवा नाही. आपले आजे-पणजे कसत होते त्या जमिनीवर जंगल खात्यानं हाच शिक्का मारला. अमेरिकेतल्या यूट आदिवासींनीही तो सोसलाय.

1881 साली तिथल्या सरकारनं बऱ्याच यूट लोकांना कोलोरॅडोतून हुसकून युटामध्ये नेलं. पुढे तिथंही तेलाचा दगड निघाला. त्याला ऑइल शेल म्हणतात. 1916 साली सरकारनं ती जमीन ‘नौदलासाठी राखीव’ केली. देशाला पुढंमागं तेल लागेल म्हणे! त्यातली सुमारे 84 हजार एकर यूट लोकांना परत द्यायचा कायदा व्हायला 2000 साल उजाडलं. म्हंजे 84 वर्षं गेली. तीन पिढ्या!

बरं, या दगडात तयार तेल नसतंच. तो सुमारे 500 अंशापर्यंत तापवावा लागतो, तेव्हा तेल सुटतं. त्याला पाणी लागतं, आणि मागं जळक्या दगडाचे ढीग उरतात. युरोपातल्या एस्टोनियात हाच दगड जाळून वीज करतात. तिथं राखेच्या टेकड्या उभ्या राहिल्यात.

साहेब म्हणतात, नोकऱ्या मिळतील. कोलोरॅडोतही मिळाल्या होत्या. 2 मे 1982 ला एक्सॉन कंपनीनं तिथला प्रकल्प परवडत नाही म्हणून बंद केला. दोन हजारांवर कामगार एका दिवसात घरी बसले.

आम्ही संशोधनाच्या विरोधात नाही. पण संशोधन त्यांचं, तेल त्यांचं आणि अडकलेली जमीन तेवढी आमची, हा कुठला न्याय? परत कधी देणार ते न लिहिता ‘राखीव’ म्हणणं ही सरळ चोरी आहे.

1996 च्या पेसा कायद्यात लिहिलंय, जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करा. साहेब लोक त्याचा अर्थ लावतात, गावाला कळवलं की झालं! आपण हे चालू द्यायचं नाही. खनिज कुठलंही असो, सर्व्हेवाले आले की ग्रामसभेत लेखी विचारा: पाणी किती घेणार? राख-माती कुठं टाकणार? काम बंद पडलं तर जमीन कुठल्या तारखेला परत करणार?

उत्तर सहीशिक्क्यानिशी मिळेपर्यंत एकही खुंटी ठोकू द्यायची नाही. तसा ठराव येत्या ग्रामसभेत करा आणि त्याची नक्कल जपून ठेवा.

जिंदाबाद!