खारीला वाटा कुठे आहे?

रामनवमीच्या आठवड्यातली गोष्ट. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, उंबराच्या बुंध्यापाशी एक खार सापडली. मान डावीकडे कलंडलेली, आणि एकाच जागी भोवऱ्यासारखी गरगर. थांबायची, धापा टाकायची, पुन्हा गरगर. पाच मिनिटांत दहा-बारा माणसे जमली.

"काय झालंय ओ हिला?"

"इख खाल्लं असंल."

"तारंवरनं पडली असंल, न्हाईतर मांजरानं धरली."

"पाणी पाजा की वाईच! रामाची खार हाय ती."

दोन पोरांनी मोबाईल काढले. मी घरातून तांब्या आणि चमचा आणला, रुमालात धरून तिच्या तोंडात पाणी घातले. सगळ्यांना बरे वाटले, मला सर्वांत जास्त. गर्दी पांगली. अर्ध्या तासात खार मेली.

पुढे जनावरांच्या एका डॉक्टरांना हे सांगितले. ते म्हणाले, "अशा अवस्थेत तिला गिळता येत नाही. पाणी सरळ फुप्फुसात उतरते." ती मुळात कशाने आजारी पडली हे आता कळणार नाही. शेवटचा धक्का मात्र बहुधा माझ्याच चमच्याने दिला.

ही कबुली मी देतो आहे ती माझ्यापुरती ठेवण्यासाठी नाही. हा चमचा आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. नागपंचमीला आपण नागापुढे दुधाची वाटी ठेवतो. साप दूध पीत नाहीत हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते, तरी वाटी चुकत नाही. पितृपक्षात कावळा पिंडाला शिवेपर्यंत आपण उन्हात ताटकळतो; उरलेले वर्ष त्याला हाकलतो. या साऱ्यात त्या जिवाला काय हवे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. प्राणी हा आपला पुण्याचा हमाल. ओझे पोचवले की त्याने चालते व्हावे.

खारीची कथाही तशीच वापरून घेतली. सेतू बांधताना तिने वाळूचे कण वाहिले, रामाने पाठीवरून बोटे फिरवली आणि पट्टे उमटले. कथा गोड आहे, पण ती वाल्मीकी रामायणातली नाही, लोककथेतली आहे. आपल्याकडच्या खारीला तीन पट्टे असतात, उत्तरेकडच्या खारीला पाच. तिथे रामाची बोटे मोजायला कुणी जात नाही. कथा सांगायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या कथेतून आपण काढलेल्या अर्थाला. सत्काराच्या प्रत्येक व्यासपीठावर 'मी फक्त खारीचा वाटा उचलला' असे म्हणणाऱ्या या गावात खारीसाठी कुणी कोणता वाटा ठेवला आहे?

शेकरूचे भाग्य थोर म्हणायचे. ती महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात ती दिसली की आपण श्वास रोखून फोटो काढतो. शाहू महाराजांनी शिकारीसाठी राखलेले ते रान टिकले, म्हणून १९५८ साली तिथे अभयारण्य होऊ शकले. अंगणातल्या खारीला ना मान ना रान. तिची जागा आपल्याच गच्चीवर, आपल्याच झाडावर, आपल्याच उपकारावर.

आता 'काय झालंय हिला' याचे उत्तर शोधू. नाकातोंडातून रक्त आणि अंगात त्राण नाही, तर मार लागलेला असेल किंवा उंदरांचे औषध पोटात गेले असेल. ब्रोमॅडिओलोनसारखे औषध रक्त गोठू देत नाही; जीव आत रक्तस्राव होऊन काही दिवसांनी मरतो. मान कलंडून गरगरणे हे बहुधा डोक्याला मार लागल्याचे, नाहीतर कानाच्या किंवा मेंदूच्या आजाराचे लक्षण. मागचे पाय ओढत असेल तर कणा दुखावलेला. मांजराच्या दाताची खूण सुईच्या टोकाएवढी दिसते, पण लाळेतले जंतू तेवढ्या वाटेने आत शिरतात आणि दोन-तीन दिवसांत खार दगावू शकते. डोळे न उघडलेले पिल्लू जमिनीवर असेल, तर वर पाहा: घरटे पडले आहे किंवा पाडले आहे.

या यादीत दैव कुठे आहे? आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर उंदरांचे औषध टाकण्याचा ठराव त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता. हात वर करणाऱ्यांत मी होतो. डब्यावर 'उंदरांसाठी' असे छापलेले असते, ते खारीला वाचता येत नाही. शहरातले झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; फांद्यांत पिल्ले आहेत का, हे कोयता चालवण्याआधी कोण बघतो? टोलविरोधात हे गाव रस्त्यावर उतरले आणि टोल घालवूनच घरी गेले. रुंद झालेल्या रस्त्यांच्या कडेची सावली गेली तेव्हा आपल्यापैकी किती जण उतरले होते?

कायदाही आपल्याच मापाचा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. मिसळीची एक प्लेटही तेवढ्यात येत नाही. संविधानात १९७६ साली मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत सजीवांबद्दल करुणा बाळगणे हेही नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. कर्तव्य पार पाडायचे तर ते शिकावे लागते. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्याला शंभरावर वर्षे झाली, आणि एका अर्धमेल्या खारीपुढे दहा-बारा साक्षर माणसांना तांब्या-चमच्यापलीकडे काही सुचत नाही. अडाणी दयेने जीव जातो आणि दया करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ती उघड क्रौर्याइतकीच घातक आहे.

शिकायचे ते फार नाही. उघड्या हाताने धरू नका. जाड कापड टाकून उचला. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. अंग गार लागले तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. पाणी, दूध, बिस्कीट काही देऊ नका. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब लागतात. पिल्लू धडधाकट असेल तर खोके झाडाच्या बुंध्याशी ठेवून लांब थांबा, मांजर-कुत्र्याला हाकला; आई तोंडात धरून परत नेते, हे अनेकदा घडते. खारीमुळे रेबीज होण्याची उदाहरणे जवळपास नाहीत. तरी ती चावली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. मुख्य म्हणजे वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि पाळायच्या मोहाने तिला घरात कोंडू नका. ती रानची आहे, तुमची नव्हे.

पुढच्या रामनवमीला पाळण्याची दोरी ओढाल, तेव्हा आधी एवढे करा. गच्चीवरचे ते औषध उचलून आणा. जिन्याखाली एक रिकामे खोके आणि एक जुना टॉवेल ठेवा. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहा: १९२६. आमच्या जिन्याखाली ते आता आहे. एक खार मेल्यावर ठेवले, एवढीच त्याची लाज आहे.