रुई, कीर्तिमुख आणि पाला

अंबरनाथ ते बदलापूर या टप्प्यात रुळांच्या कडेला, कुंपणभिंतींच्या फटीत, अर्धवट राहिलेल्या बांधकामांच्या आवारात रुई वाढते. तिला कुणी लावत नाही, पाणी घालत नाही. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ लागते तेवढ्यापुरती तिची आठवण होते. एरवी ती तणात जमा. या झाडाचं पान उलटून पाहिलं तर कधी कधी बोटाच्या दोन पेरांएवढी अळी दिसते. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या, मऊ शिंगांच्या तीन जोड्या. रुईच्या चिकात विष असतं, म्हणून गुरंही या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत. ही अळी मात्र तेच पान खाते आणि त्यातलं विष स्वतःच्या अंगात साठवते. तिचं पुढे नारिंगी फुलपाखरू होतं, काळ्या कडांचं, पंखांच्या टोकांशी पांढरे ठिपके असलेलं. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. ते सावकाश उडतं, कारण त्याला घाई करायचं कारण नाही. एखाद्या नवख्या पक्ष्याने ते गिळलं तर त्याला ओकारी होते आणि तो रंग तो पुन्हा चोचीत धरत नाही.

गंमत पुढेच आहे. त्याच भागात हुबेहूब तसंच दिसणारं दुसरं एक फुलपाखरू उडतं. डॅनाइड एगफ्लाय या जातीची ही मादी. तिच्या अंगात विष नाही. तिची अळी घोळ खाते, म्हणजे बाजारात जुडीने मिळणारी, डाळ घालून करतात ती घोळीची भाजी. विषारी फुलपाखराचा रंग उसना घेऊन ती पक्ष्यांपासून बचावते. तिचा नर मात्र काळा कुळकुळीत, पंखांवर जांभळट कडेचे मोठे पांढरे ठिपके असलेला. दोघं एका जातीची आहेत हे सांगूनही खरं वाटत नाही. अस्सल आणि नक्कल ओळखायची खूण मागच्या पंखावर आहे. अस्सल फुलपाखराच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. नकलेला एकच, तोही पंखाच्या वरच्या कडेला. ही खूण एकदा कळली की रुईच्या झुडपाशी उडणाऱ्या प्रत्येक नारिंगी फुलपाखराकडे नजर वळते आणि ठिपके मोजू लागते.

हेच प्लेन टायगर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही आहे. इजिप्तमधल्या नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं सुमारे 3,350 वर्षांपूर्वीचं भित्तिचित्र तिथे ठेवलेलं आहे. नेबामुन पाणथळीत पक्ष्यांची शिकार करतो आहे, त्याच्या पायाशी एका मांजराने पक्षी पकडले आहेत, त्या मांजराच्या डोळ्याला सोन्याचा वर्ख लावलेला आहे, आणि अवतीभवती फुलपाखरं उडताहेत. ती कोणत्या जातीची आहेत हे आजच्या अभ्यासकाला ओळखता येतं, इतकं त्या अनाम चित्रकाराने त्यांना नीट पाहिलेलं होतं. आपल्या रुळांकडेला उडणाऱ्या फुलपाखराची ती भावंडं.

मला जे म्हणायचं आहे ते या फुलपाखराच्या आधारेच म्हणता येईल. प्राणी पाहायचे तर ताडोबाला जायचं, शिल्पं पाहायची तर वेरूळला, आणि आपली गावं म्हणजे लोकल पकडायची आणि रात्री येऊन झोपायची ठिकाणं, अशी आपण मनाशी वाटणी करून टाकली आहे. दुर्मिळ असेल तेच आनंद देतं, हे त्यामागचं गृहीत. मला ते चुकीचं वाटतं. प्लेन टायगर दुर्मिळ नाही. आफ्रिका आणि आशियातल्या अतिशय सामान्य फुलपाखरांपैकी ते एक आहे. त्याच्याकडे पाहून होणारा आनंद त्याची हकीकत कळल्यावर सुरू होतो, आणि दर खेपेला तो थोडा वाढतो. वर्षातून एकदा सहलीला जाऊन पाहिलेल्या वाघाच्या बाबतीत असं होत नाही. वाघ थरार देतो, तो खरा असतो आणि तिथेच संपतो. रोजच्या आनंदाला रोज समोर येणारी गोष्ट लागते आणि तिची ओळख लागते. पैकी पहिली उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरकडे भरपूर आहे.

अंबरनाथचं शिवमंदिर तर आहेच. पण ‘आहेच’ या शब्दातच त्याची उपेक्षा आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत लाखो माणसं त्याच्या दारातून आत जातात; भिंतीशी थांबणारी किती? गाभाऱ्यात जायला मंडपातून पायऱ्या उतरून खाली जावं लागतं आणि वर पाहिलं तर शिखर नसल्यामुळे आकाश दिसतं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. बाहेरच्या भिंतींवर काळ्या दगडात जे प्राणिजगत कोरलं आहे, ते मात्र अनोळखीच राहतं. हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा; मलंगगड ज्या कातळाचा आहे तोच. त्या कठीण कातळातून शिल्पकारांनी हत्तींच्या रांगा काढल्या, दाराशी नंदी बसवला आणि पट्ट्यापट्ट्यांनी कीर्तिमुखं कोरली. कीर्तिमुख हा प्राणी कुठल्याही जंगलात नाही. बटबटीत डोळे, सिंहासारखं नाक, उघडा जबडा आणि खाली धड नाही. पुराणकथा अशी की राहूला खाण्यासाठी शिवाने एक भुकेला गण निर्माण केला. राहू शरण आला आणि सुटला. गणाची भूक तशीच राहिली. तेव्हा शिवाने त्याला स्वतःलाच खायला सांगितलं. त्याने पायांपासून सुरुवात केली आणि तोंड तेवढं उरलं. आज्ञापालनाची ही हद्द पाहून शिवाने त्याला आपल्या दारावर कायमची जागा दिली. ही कथा माहीत असलेल्या माणसाला त्या जबड्यातली भूक दिसते. हाताने घडवलेली असल्यामुळे दोन मुखं तंतोतंत सारखी नसतात. एखादं रागीट वाटतं, एखादं हसरं.

यावर एक आक्षेप मनापासून घेतला जातो. मंदिर ही पूजेची जागा. तिथे दगडाची जात, राजाचं नाव आणि शक काढत बसलं की भाव उणावतो, आणि फुलपाखराच्या ठिपक्यांचा हिशेब मांडला की त्याचं सौंदर्य विरतं. मला हे पटत नाही, आणि याच मंदिराचा इतिहास माझ्या बाजूने आहे. 1868 मध्ये मुंबई सरकारने या मंदिराची रेखाटनं आणि साचे करवून घेतले. जे. जे. कलाशाळेचे टेरी आणि त्यांच्या हाताखालची मंडळी इथे आली. साचा घ्यायचा तर प्रत्येक नक्षीवरून हात फिरवावा लागतो. त्याच काळात उत्तरेकडच्या दारावरच्या शिलालेखाकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक 782 असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो पुन्हा तपासला आणि 982 असा लावला, म्हणजे इसवी सन 1060. एका आकड्याने मंदिर 200 वर्षं अलीकडे आलं आणि शिलाहार राजा मुम्मुणीशी जोडलं गेलं. लेखात त्याला माम्वाणिराज म्हटलं आहे. झिजलेल्या अक्षरांसमोर डोळे ताणून उभं राहायला भाऊ दाजींसारख्या धंदा सांभाळून संशोधन करणाऱ्या डॉक्टरला काय गरज होती? जिव्हाळा होता म्हणूनच ते उभे राहिले. आणि शिल्पकारांचं काय? देवासाठी बांधत असतानाही त्यांनी हत्तींच्या सोंडा कंटाळून एकसारख्या काढून टाकल्या नाहीत. पाहणाऱ्याने पाहावं ही त्यांचीच अपेक्षा होती.

उल्हासनगरला काय आहे, असं विचारणारे तर पुष्कळ भेटतात. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे 1 लाख माणसं उतरली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या शहराची पायाभरणी केली. आजही पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर येतो. बराकीत राहायला आलेल्यांना फार सामान आणता आलं नाही. एक प्राणी मात्र त्यांनी आणला. त्यांच्या देवाची, झुलेलालची तसबीर किंवा मूर्ती पाहा. पांढऱ्या दाढीचे झुलेलाल नदीच्या पाण्यावर माशावर बसलेले असतात. दुकानांच्या गल्ल्यामागे, रिक्षांच्या काचांवर, चेटीचंडच्या मिरवणुकीत हा मासा दिसतो. सिंधी माणूस त्याला पल्लो म्हणतो. बंगाल्यांचा तो इलिश आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कोळणीच्या पाटीतला तो पाला. काटेरी, चवीचा, चंदेरी. समुद्रात राहणारा हा मासा अंडी घालायला नदीत शिरतो आणि प्रवाहाविरुद्ध पोहत जातो. सिंधमध्ये श्रद्धा अशी की पल्लो सिंधू नदीतून सक्करजवळच्या बेटावरच्या पिराच्या दर्शनाला जातो आणि त्याला पाठ न दाखवता परततो.

ही तसबीर सुंदर आहेच, पण ती एक नोंदही आहे. 1932 मध्ये सक्करला आणि 1955 मध्ये खाली कोटरीला सिंधूवर बॅराज झाले आणि पल्लोचा वरचा रस्ता बंद झाला. मासा आता त्या पिरापर्यंत पोहोचत नाही. तो पूर्वी पोहोचत होता हे मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत सापडेल, आणि उल्हासनगरच्या एखाद्या कापडदुकानात गल्ल्यावर लावलेल्या चित्रातही. नदी गेली, गाव गेलं, माशाची वाट अडली, तरी त्या माशाची चाल एका समाजाने देवाच्या आसनाखाली जपून ठेवली. शेजारच्या मराठी घरात तोच मासा कालवणात पडतो आणि दोन्ही घरांना बहुधा याचा पत्ता नसतो. तो लागला तर शेजार थोडा बदलेल असं मला वाटतं.

अंबरनाथच्या विम्को नाक्याचं नावही असंच रोज तोंडात येणारं. 1920 च्या दशकात स्वीडिश मालकीची वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी इथे काडेपेट्या बनवू लागली. तिच्या पेट्यांवर जहाज असे, घोड्याचं डोकं असे, माणूस आणि चित्त्याची झुंज असे. मुलांनी हे छाप जमवले आणि खेळात जिंकले-हरले. आता संग्राहक त्यांना वहीत जपतात. घरातल्या जुन्या ट्रंकेत एखादा सापडला तर फेकू नये.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 68 किलोमीटर. दारात लोंबकळत जाणाऱ्या माणसाला रुईचं पान उलटायला सांगणं हा पोट भरलेल्यांचा उपदेश आहे. ज्या मंदिराची मी स्तुती करतो त्याच्या कडेने वाहणारी वालधुनी रसायनांनी रंग बदलत राहिली. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल इथल्या पालिकांना दंड ठोठावावा लागला. अशा ठिकाणी फुलपाखरांचं कौतुक शोभतं का?

वेळेची अडचण खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. पण मी सांगतो आहे ते सगळं जाता-येता दिसणारं आहे: फलाटाच्या टोकाची रुई, रिक्षाच्या काचेवरचा मासा, रस्त्याच्या वळणावरचं मंदिर. त्याला तिकीट नाही, रजा नाही, दुर्बीणही नाही. उलट ज्याला सुटी मिळत नाही, ताडोबाचं आरक्षण परवडत नाही, त्याच्याच हक्काचा हा आनंद आहे, आणि तो त्याला कुणी सांगितलेला नाही. नदीचं उत्तर याहून कठीण आहे. प्रदूषण मोजण्याचे आकडे असतात, ते हवेतच. मात्र नदीत काय काय राहत होतं हे ठाऊक नसलेल्या गावाला नाल्याची फक्त दुर्गंधी खटकते. झाकण टाकलं, वास थांबला, की तक्रारही थांबते. पाण्याच्या काठावर ढोकरी कशी निश्चल उभी असायची, खंड्या कुठल्या तारेवरून सूर मारायचा, पहिल्या पावसात मासे कुठवर चढायचे हे जाणणारा माणूस झाकणावर समाधान मानणार नाही. त्याची मागणी मोठी असते, कारण त्याला हरवलेल्याची यादी देता येते. म्हणून हा आनंद आणि नदीचा लढा यांत मला विरोध दिसत नाही. लढ्याला लागणारी माहिती याच आनंदातून गोळा होते.

या तिन्ही गावांसाठी एक मागणी करावीशी वाटते आणि ती अगदी छोटी आहे. आपल्याकडे उद्यानाचं सुशोभीकरण निघालं की रुई उपटली जाते, शोभेचे पाम येतात आणि फायबरचा जिराफ उभा राहतो. प्रत्येक उद्यानात आणि जमेल त्या शाळेच्या आवारात एक वाफा रुईचा आणि शेजारी घोळीचा असू द्यावा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, एवढी सूचना तिथे लिहावी. प्लेन टायगरला अंड्यापासून फुलपाखरू व्हायला आपल्या हवेत साधारण तीन ते चार आठवडे लागतात. म्हणजे एका सहामाहीत परिसर अभ्यासाच्या वर्गाला किमान तीन पिढ्या पाहता येतील, आणि नक्कल करणारी मादी आली तर ठिपके मोजताही येतील. त्या वाफ्याला कारंजं लागत नाही, माळीही लागत नाही. तण समजून तो काढायचा नाही, एवढं एक वाक्य कंत्राटाच्या कागदात घालावं लागेल.